पटावरचे गाव आणि फडावरचे गाव

(बीड जिल्ह्यात भरलेल्या पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान. वक्ते अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत.)



या अभ्यासवर्गासाठी मला 'ग्रामीण शाळेच्या परिसरातील समाजाची लोकसंख्याविषयक व आर्थिक घडण' असा विषय देण्यात आला आहे. विषयाचे नाव विद्यापीठातील प्रबंधाला शोभेल असे आहे. परंतु आपण ज्या जिल्ह्यात बसलो आहोत त्या जिल्ह्यापुरता या विषयाचा अर्थ अगदी साधा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत जी मुले बसतात ती कोणाची, ती किती, ती वर्षातले किती महिने बसतात आणि उरलेले महिने कोठे असतात, एवढाच तो प्रश्न आहे. या प्रश्नाचे उत्तर नीट दिले तर या भागाच्या अर्थव्यवस्थेचे बहुतेक सारे स्वरूप आपल्या हाती येते, असा माझा अनुभव आहे.

मी आयुष्याची बरीच वर्षे एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले. दिवाळीची सुटी संपून दुसरे सत्र सुरू झाले की वर्गातले काही बाक रिकामे दिसत. आरंभी मला वाटे की पोरे आळशी आहेत, सुटी लांबवतात. पुढे कळले की ही मुले सुटीवर नसून आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली आहेत. राष्ट्रीय उत्पन्नाची मोजदाद कशी करतात हे मी फळ्यावर शिकवत होतो आणि ज्यांच्या श्रमातून ते उत्पन्न निर्माण होते ती मुले माझ्या हजेरीपुस्तकात 'गैरहजर' म्हणून नोंदली जात होती. ती चूक माझी होती, आणि आजचे व्याख्यान हे काही अंशी त्या चुकीचे परिमार्जन आहे.

दोन तारखांचा हिशेब

प्रथम मोजणीचाच विचार करू. आपल्या देशात गावाची मोजणी दोन प्रकारे होते. एक जनगणना आणि दुसरी शाळेचा पट. शासनाच्या शैक्षणिक माहितीसाठी पटाची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर ही असते. शिक्षकांची पदेही साधारणतः त्याच तारखेच्या पटावर ठरतात. गळीत हंगाम मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. म्हणजे पट मोजला जातो तेव्हा गाव भरलेले असते. पुढे चार-पाच आठवड्यांत गावाबाहेर टायरगाड्या, ट्रॅक्टर आणि ट्रक उभे राहतात. भांडीकुंडी, शेळ्या, सरपण आणि लेकरे त्यांत चढतात, आणि मार्च-एप्रिलपर्यंत गाव म्हाताऱ्यांचे होऊन बसते. शाळेचे दुसरे सत्र नेमके याच काळात येते.

जनगणनेची तऱ्हा याच्या उलट आहे. २०११ ची लोकगणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. गणनेच्या संपूर्ण काळात जे कुटुंब घरी नसेल ते जेथे सापडेल तेथे मोजावे, असा या गणनेचा नियम आहे. फेब्रुवारीत बीडचा ऊसतोड मजूर कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) किंवा बेळगावच्या फडात असतो. म्हणजे जनगणनेने त्याला मोजले असेल तर ते कारखान्याच्या हद्दीत मोजले. पालावर कोणी फिरकलेच नसेल तर कोठेही मोजले नसेल. २०११ साली बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार भरली. हा आकडा खोटा नव्हे, पण तो फेब्रुवारीतल्या बीडचा आकडा आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. २०२१ ची गणना झालीच नाही. पुढील गणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस जाहीर झाला आहे. म्हणजे पुन्हा तोच हंगाम, पुन्हा तेच रिकामे गाव!

अशा रीतीने आपल्या गावाच्या दोन प्रतिमा सरकारदप्तरी आहेत. सप्टेंबरच्या प्रतिमेत मुले आहेत, फेब्रुवारीच्या प्रतिमेत नाहीत. नियोजन पहिल्या प्रतिमेवर होते, जगणे दुसऱ्या प्रतिमेत चालते. मागे एका हिवाळ्यात बालाघाटच्या माथ्यावरील एका वस्तीशाळेत मी गेलो होतो. गुरुजींनी प्रामाणिकपणे हजेरीपुस्तक पुढे ठेवले. नावे भरपूर होती, समोर मात्र मोजकीच लेकरे बसली होती. ओट्यावर नातवंडाला घेऊन बसलेल्या एका आजीने मला सगळा प्रकार एका वाक्यात समजावून दिला. ती म्हणाली, "पोरं पटावर हायेत गुरुजी, गावात न्हाईत."

या समाजाची घडण

आता ही माणसे कोण, ते पाहू. बीड जिल्ह्याचे अकरा तालुके आहेत. त्यांपैकी माजलगाव, गेवराई, परळी या भागांत गोदावरीकाठचा आणि कालव्याखालचा पट्टा आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज यांचा मोठा भाग बालाघाटच्या डोंगररांगेत आणि अवर्षणाच्या छायेत येतो. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. १९७२ चा दुष्काळ जुन्यांना आठवतो, २०१२-१३ आणि २०१५-१६ चे तरुणांनाही आठवतात. बाजरी, तूर, कापूस आणि अलीकडे सोयाबीन ही येथली पिके. महाराष्ट्रातील सरासरी वहितीचे क्षेत्र १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ साली १.३४ हेक्टरवर आले. ही राज्याची सरासरी आहे. डोंगरमाथ्यावरच्या एक-दोन एकरांच्या मालकाला खरीप निघाल्यानंतर गावात काम नसते. त्याच्याकडे सातबारा असतो आणि तरीही तो मजूरच असतो. वंजारी, बंजारा, दलित, मराठा अशा अनेक समाजांतील अल्पभूधारक व भूमिहीन माणसे ऊसतोडीत आहेत. जातीने वेगळी असलेली ही माणसे फडावर एकाच कोयत्याने बांधलेली असतात.

साक्षरतेचे पाहा. २०११ साली राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांवर होती, बीडची ७७ टक्के. त्यातही पुरुषांची ८५ टक्क्यांवर आणि स्त्रियांची ६८ टक्क्यांच्या आत. याहून भीषण आकडा आहे तो सहा वर्षांखालील मुलांचा. दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ साली ८९४ होती, ती २०११ साली ८०७ झाली. राज्यात हा सर्वांत नीचांक होता. हंगामी स्थलांतराने या आकड्याचा उलगडा होत नाही, कारण फडावर मुलगे आणि मुली दोघेही जातात. त्या वर्षांत जन्मू न दिलेल्या मुली पुढे पहिलीच्या वर्गातही दिसल्या नाहीत, आणि ते वर्ग आज तरुण झाले आहेत. पट हा असाही वाचावा लागतो.

पट घसरण्याची कारणे तीन आहेत आणि ती एकमेकांत मिसळू देता कामा नयेत. पहिले कारण, जन्म कमी झाले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा प्रजननदर १.७ वर आला होता. हे शिक्षणाचे आणि स्त्रियांच्या समजुतदारपणाचे फळ आहे. त्याबद्दल शाळेला शिक्षा होण्याचे कारण नाही. दुसरे कारण, ज्यांच्या हाती चार पैसे आले त्यांनी मुलांना इंग्रजी माध्यमाच्या गाडीत बसवले, किंवा कुटुंबच शहरात हलवले. तिसरे कारण ऊसतोडीचे. पहिल्या दोन कारणांनी पटावरची संख्या घटते, तिसऱ्याने हजेरी घटते. आणि तिन्हींचा एकत्रित परिणाम असा की, आज गावच्या शाळेत जी मुले उरली आहेत ती गावातल्या सर्वांत दुबळ्या घरांची आहेत. ज्यांचा आवाज पंचायतीत पोहोचतो त्यांची मुले त्या शाळेत नाहीत. शाळा बंद करण्याच्या वार्तेवर गावातून फारसा आक्रोश का उठत नाही, याचे कारण येथे आहे.

कोयत्याचे अर्थशास्त्र

ऊसतोडीच्या भाषेत नवराबायको मिळून 'एक कोयता' होतो. एकटा माणूस हा 'अर्धा कोयता'. मुकादम पावसाळ्यातच कोयत्याला उचल देतो. ती उचल दुकानाची उधारी, बियाणे, आजारपण, लग्न यांत जाते. नंतरचे पाच-सहा महिने ती टनावारी मजुरीतून फिटत राहते. एखादे दिवशी कामावर जाता आले नाही तर 'खाडा' पडतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंडही कापला जातो. हंगामाअखेर हिशेब फिटला नाही तर बाकी पुढल्या वर्षावर जाते. म्हणजे पुढच्या वर्षीचे स्थलांतर मागच्या वर्षीच ठरलेले असते.

कारखाना म्हणतो, हे आमचे कामगार नव्हेत, मुकादमाचे आहेत. मुकादम म्हणतो, मी मालक नव्हे, मीही उचलीतच अडकलेलो आहे. कंत्राटी कामगारांसाठी १९७० साली आणि आंतरराज्य स्थलांतरितांसाठी १९७९ साली कायदे झाले. पुढे ते २०२० च्या श्रमसंहितेत सामावले गेले. फडापर्यंत त्यांपैकी काय पोहोचले हे तुम्ही मला सांगावे. याउलट ऊस पुरवणाऱ्या शेतकऱ्याला चौदा दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, असा दंडक १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. तो पाळला जात नाही ही तक्रार रास्तच आहे. परंतु तोच ऊस ज्याने तोडला त्याच्यासाठी तसा दंडकच नाही.

या व्यवस्थेत स्त्रीच्या शरीराचे काय होते ते २०१९ साली राज्याने नेमलेल्या समितीसमोर आले. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. दर सहा स्त्रियांमागे एक! खाडा परवडत नाही, आडोसा नाही, पाणी नाही, विश्रांती नाही. दुखणे सहन होईना की शस्त्रक्रिया करून ते कायमचे 'मिटवायचे'. हा आकडा आरोग्य खात्याचा म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. शाळेत बसलेल्या मुलीच्या आईचा हा आकडा आहे.

आणि त्या मुलीचे काय? गावची शाळा बहुधा चौथी-पाचवीला, फार तर सातवी-आठवीला संपते. पुढची शाळा दूर. आईबाप फडावर. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी घरी एकटी ठेवण्याची धास्ती असते, फडावरच्या पालात नेण्याची धास्ती त्याहून मोठी. मग तिचे लग्न लावून दिले की एक नवा कोयता तयार होतो आणि त्याच्यावर उचल मिळते. २०१९-२१ च्या त्याच आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराव्या वर्षाआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के, तर बीडमध्ये ४० टक्क्यांहून अधिक आढळले. यास अडाणीपणा म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः शाळेचे अंतर, उचलीची पद्धत आणि घरातली असुरक्षितता यांची ती बेरीज आहे. यांपैकी एक पद जरी बदलले तरी बेरीज बदलेल, आणि सर्वांत लवकर बदलता येण्याजोगे पद शाळेचे आहे.

साखरेच्या दोन टोकांच्या शाळा

माझ्या विषयातील एका थोर पूर्वसूरींची येथे आठवण होते. धनंजयराव गाडगीळ यांनी विठ्ठलराव विखे पाटील यांच्यासमवेत प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याची उभारणी केली आणि १९५० साली तेथे गाळप सुरू झाले. त्याच गाडगिळांनी वि. म. दांडेकरांबरोबर सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाची पाहणी केली. ती १९५५ साली गोखले संस्थेने प्रसिद्ध केली. मुले शाळा मध्येच का सोडतात आणि शाळा सोडल्यावर आलेली अक्षरे टिकतात काय, हा तिचा विषय होता. लहान शेतकऱ्याच्या हाती कारखाना आणि त्याच्या मुलाच्या हाती पाटी, या दोन्ही गोष्टी त्या पिढीच्या मनात एकत्र होत्या.

पुढे काय झाले? कारखान्याच्या परिसरात शिक्षण आले हे खरे आहे. साखरेच्या पैशावर हायस्कुले, महाविद्यालये, अभियांत्रिकीच्या संस्था उभ्या राहिल्या. पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात त्यामुळे एक सुशिक्षित पिढी घडली, आणि सहकाराचे हे श्रेय मी कधीही नाकारणार नाही. परंतु तोच ऊस तोडून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत पोहोचवणाऱ्याच्या मुलाची त्याच काळात होती ती शाळाही सुटत राहिली. साखरेच्या एका टोकाला महाविद्यालय आणि दुसऱ्या टोकाला रिकामा वर्ग, हे एकाच व्यवस्थेचे दोन परिणाम आहेत. सहकाराने भागधारकाला मालक केले, तोडणाऱ्याला सभासद करण्याचा विचार मात्र त्याला सुचला नाही.

येथे आपल्याकडेही बोट दाखवले पाहिजे. आपले कार्यकर्ते तिकडे ऊस उत्पादकांच्या भावासाठी लढतात आणि इकडे तोडणी मजुरांच्या दरासाठी. दोन्ही लढे न्याय्य आहेत. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती मजुरांच्या संघटित रेट्याविना झाली नसती. पण त्या वाटाघाटींत मजुराच्या मुलाच्या शाळेचे कलम आपण किती वेळा घातले? शाळा हे सेवाभावी संस्थांचे काम, असे मानून आपण ते सोडून दिले. साखरशाळा काढल्या त्या बहुतांशी अशा संस्थांनी. त्यांना माझा नमस्कार आहे. परंतु जो हक्क आहे तो परोपकारावर सोपवून आपण मोकळे झालो, हे काही समाजवादी कार्यकर्त्याला भूषणावह नाही.

बंद करण्याचे गणित

२१ सप्टेंबर २०२३ रोजी राज्याच्या शिक्षण आयुक्तालयाने पत्र काढून, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी 'समूहशाळा' उभारण्याचे प्रस्ताव मागवले. नंदुरबारमधील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत येथील प्रयोगांचा दाखला देण्यात आला. त्या वेळी सांगितले गेलेले आकडे असे : अशा शाळा १४,७८३, त्यांतील विद्यार्थी सुमारे १ लाख ८५ हजार आणि शिक्षक २९,७०७. म्हणजे शाळेमागे साडेबारा मुले आणि शिक्षकामागे सहा. याआधी २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचे ठरले होते.

या युक्तिवादात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पाच-सहा मुलांच्या शाळेत खेळाचा संघ होत नाही, समवयस्क सोबती मिळत नाही, एक शिक्षक चार इयत्ता एकत्र हाकतो, आणि दुसरा बहुधा कोणत्या तरी सरकारी मोहिमेवर असतो. आपण नुसते 'शाळा वाचवा' म्हणू लागलो तर पालक विचारतील, कसली शाळा वाचवता? त्या प्रश्नाला उत्तर देता आले पाहिजे.

परंतु गणित मांडताना ते पुरते मांडले पाहिजे. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याखालील नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी असे ठरवले. हे अंतर लहान मुलाच्या पायाने मोजलेले आहे. शाळा आठ-दहा किलोमीटरवर नेली आणि गाडी देतो म्हटले, तर पहिला प्रश्न असा की पावसाळ्यात गाडी घाटातून येईल काय? दुसरा प्रश्न, आईबाप फडावर असताना सहा वर्षांच्या मुलाला सकाळी आवरून गाडीपर्यंत कोण नेणार? सत्तरीची आजी? गावात शाळा असते तेव्हा ती आजी नातवाला ठेवून घ्यायला तयार होते. त्याला दुपारचा शिजवलेला आहार तेथेच मिळतो आणि गुरुजी दारावरून हाक मारतात. शाळा गेली की आजीचा धीर जातो, आणि मूल टायरगाडीत चढते. समूहशाळेच्या पटावर त्याचे नाव सप्टेंबरात असेल. फेब्रुवारीत ते फडावर वाढे गोळा करत असेल. हा खर्च कोणत्याही प्रस्तावात दाखवलेला नसतो.

अनेकजण कोठारी आयोगाचा हवाला देतात. १९६४-६६ च्या त्या आयोगाने शाळासमूहाची कल्पना मांडली हे खरे. पण ती अशी होती की, एक माध्यमिक शाळा परिसरातल्या प्राथमिक शाळांच्या पाठीशी उभी राहील, प्रयोगशाळा, ग्रंथालय, चांगले शिक्षक यांचा लाभ सर्वांना मिळेल. लहान शाळा मिटवून एक मोठी करावी, हे त्या कल्पनेचे सार नव्हे. त्याच आयोगाने परिसरशाळेचा आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करण्याचा आग्रह धरला होता, हे मात्र कोणी सांगत नाही.

मित्रहो, १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतिराव फुले यांनी हेच विचारले होते की, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, मग शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांवर का खर्च होतो? १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. ते करताना शाळेमागे किती मुले पडतात, असा हिशेब त्यांनी आधी मांडला असता तर ते काम झालेच नसते.

करावयाचे काम

काय करावे, हे थोडक्यात सांगतो. मागण्यांची लांबलचक यादी मी करणार नाही. पाच कामे पुरेत.

पहिले काम वसतिगृहांचे. आईबाप गेल्यानंतर मुलांना गावातच ठेवून त्यांच्या जेवणाची सोय करणारी हंगामी वसतिगृहे ही या जिल्ह्यात रुजलेली चांगली योजना आहे. तिची मेख तारखेत आहे. मंजुरी दसऱ्याआधी आली तर मूल राहते, दिवाळीनंतर आली तर गाडी निघून गेलेली असते. एका गावी मंजुरीचा कागद पोहोचला तेव्हा बहुतेक मुले फडावर होती, हे मी स्वतः पाहिले आहे. २०२१ साली राज्याने संत भगवानबाबांच्या नावे ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना जाहीर केली. आपल्या तालुक्यातली दोन कोठे आहेत, स्वतःच्या इमारतीत आहेत की भाड्याच्या, आणि त्यांत मुलींचे किती आहे, हे प्रत्येक तालुका शाखेला तोंडपाठ पाहिजे.

दुसरे काम मजुरांच्या करारात शाळेचे कलम घालण्याचे. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे दहा रुपये घेण्याचे ठरले आहे. त्यातला ठराविक हिस्सा मुलांच्या शिक्षणासाठी राखून ठेवावा आणि त्याचा हिशेब मजुरांसमोर वाचला जावा.

तिसरे काम फडावरच्या जिल्ह्यांतील आपल्या साथींचे. गावाहून निघताना मुलाला शिक्षण हमी कार्ड मिळते. ते दाखवल्यावर तेथील शाळेने त्याला बसवून घेतले पाहिजे. कोल्हापूर-सांगलीच्या शाखांनी कारखान्याच्या तळावर जाऊन ही कार्डे मोजावीत आणि मुलांना शाळेपर्यंत पोहोचवावे. हे काम इकडून होणार नाही.

चौथे काम हिवाळ्यातल्या रोजगाराचे. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमीची कल्पना याच राज्यात पुढे आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. ज्या गावात दिवाळीनंतर जलसंधारणाचे काम वेळेवर निघते आणि मजुरी वेळेवर मिळते, तेथली काही कुटुंबे तरी थांबतात. उचलीची रक्कम एकदम हाती येते, रोजगार हमीची थेंबाथेंबाने येते. म्हणून बचतगट आणि सहकारी पतपुरवठा यांची जोड त्याला द्यावी लागेल.

पाचवे काम सर्वांत सोपे आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. येत्या २६ जानेवारीला प्रत्येक कार्यकर्त्याने एका शाळेत झेंडावंदनाला जावे. ऊसतोडीचा हंगाम तेव्हा भर रंगात असतो आणि बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी ग्रामसभाही असते. पटावर नावे किती, समोर मुले किती, त्यांत मुली किती आणि गैरहजर मुले कोणत्या जिल्ह्यात आहेत, एवढे चार आकडे वहीत लिहून आणावेत. गुरुजींना अडचणीत आणू नये. दोष त्यांचा नाही, हे त्यांना आधी सांगावे. ते आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत आणि ठराव करून घ्यावा की, या शाळेचे भवितव्य सप्टेंबरच्या एका आकड्यावर ठरवू नये, जानेवारीत मुले का नाहीत याचे उत्तर आधी द्यावे. एका केंद्राखाली दहा-बारा शाळा येतात. एका केंद्राचे चित्र जरी पुरे झाले तरी समूहशाळेचा प्रस्ताव घेऊन येणाऱ्या अधिकाऱ्यासमोर आपल्याला रिकाम्या हातांनी उभे राहावे लागणार नाही.

मी वर्गात गैरहजेरी मांडत राहिलो आणि कारण विचारले नाही. तुम्ही ते विचारावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.